सोशल मीडियावर आपण किती उघडे आहोत ते मोजताना : प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

काम सुरू केलं. माणूस सोशल मीडियावर स्वतःबद्दल जे काही टाकतो त्याचा धोका मोजता येतो का ते बघायचंय. अगदी अचूक आकडा नाही तरी निदान जास्त-कमी असा क्रम लावता आला पाहिजे, कारण "जरा जपून टाकत जा" हे सगळेच सगळ्यांना सांगतात आणि त्यानं काही होत नाही, समोरचा विचारतो की नेमकं काय काढू, आणि तिथे सांगणाऱ्याकडे उत्तर नसतं. मला ते उत्तर हवंय.

आठ जण तयार झालेत. कॉलेजातली मुलं आहेत, नोकरीवाले आहेत, दोन निवृत्त आहेत. शीटमध्ये त्यांना प-१ ते प-८ म्हणतेय.

कोणी हेच करणार असेल तर नियम आधी ठरवा. माझे सांगते. प्रत्येकाचा लेखी होकार घेतला आणि काय काय बघणार ते आधीच सांगितलं. सापडलेली माहिती लिहून ठेवायची नाही, फक्त सापडली की नाही आणि कुठून सापडली एवढंच लिहायचं, म्हणजे "जन्मतारीख : हो, शुभेच्छांवरून" असं, प्रत्यक्ष तारीख नाही. नाहीतर आठ जणांची सगळी माहिती एका जागी गोळा केलेलं माझं शीटच सगळ्यात धोक्याचं होऊन बसेल. खोटं अकाउंट काढायचं नाही. आणि फोटोत, कमेंटमध्ये दिसणाऱ्या बाकीच्यांनी होकार दिलेला नाही, त्यामुळे त्यांची नावं कुठेही लिहायची नाहीत.

बघायचं चार ठिकाणांवरून : लॉगिन न करता, अजिबात ओळख नसलेल्या माणसाच्या खऱ्या अकाउंटवरून (माझे दोन मित्र बसायला तयार आहेत), एखादा मित्र कॉमन असलेल्याच्या अकाउंटवरून, आणि शेवटी त्या माणसाच्या स्वतःच्या लॉगिनमधून त्याच्या शेजारी बसून.

९ जानेवारी

पहिलं शीट तयार. कुन लिऊ आणि एविमारिया तेर्झी या दोघांनी २००९ साली प्रायव्हसी स्कोअर काढायची एक पद्धत मांडली होती, तिच्यावर बेतलंय. कल्पना सोपी आहे. प्रत्येक बाबीला दोन आकडे द्यायचे, एक ती बाब किती नाजूक आहे त्याचा आणि दुसरा ती किती लोकांना दिसते त्याचा. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि सगळ्या बाबींची बेरीज म्हणजे त्या माणसाचा स्कोअर. किती नाजूक ते ठरवायची त्यांची सगळ्यात साधी रीत अशी की किती लोकांनी ती बाब लपवलीय ते मोजायचं, जास्त जणांनी लपवली म्हणजे जास्त नाजूक. यापुढची त्यांची रीत परीक्षेचा पेपर तपासायच्या गणितातून घेतलेली आहे, पण आठ जणांवर ते गणित लावण्यात काही अर्थ नाही, त्याला खूप जास्त प्रोफाइल लागतात. म्हणून साधी रीतच घेतली.

ओळी टाकल्या त्या अशा : पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, राहण्याचा भाग, शाळा-कॉलेज, कंपनी, फोन, ईमेल, नात्यातली माणसं, लग्नाची स्थिती, मुलांची नावं, रोजची ये-जा, गाडी, राजकीय मत, धर्म, आजारपण, मित्रयादी, आवडी.

१४ जानेवारी

"किती लोकांना दिसते" हा रकाना सेटिंग बघून भरत होते. चार जणांचा भरून झाला आणि मग बाहेरून बघायला बसलो तर काहीच जुळेना.

प-३ नं सगळं "फक्त मित्र" ठेवलंय आणि त्याला त्याची खात्री आहे. पण बातम्यांच्या एका पब्लिक पेजवर तो रोज कमेंट करतो, आणि पब्लिक पोस्टखालची कमेंट पब्लिकच असते, तिथे त्याचं स्वतःचं सेटिंग चालत नाही. त्या कमेंटमधून त्याचं ऑफिस कुठल्या भागात आहे, तो कुठल्या गाडीनं जातो, त्याच्या वडिलांना कुठलं ऑपरेशन झालं, सगळं कळलं. प-६ च्या पोस्ट "मित्रांचे मित्र" वर आहेत आणि तिला ते जवळजवळ घरगुती वाटतं. तिला आकडा मांडून दाखवला : तुझे ३०० मित्र, त्यांचे प्रत्येकी ३००, म्हणजे ९०,००० पर्यंत. त्यातले पुष्कळ जण दोनदा-तीनदा मोजले गेले असणार हे धरलं तरी हजारो अनोळखी माणसं उरतातच.

तर सेटिंगवरून भरलेला रकाना पुसला. आता दिसतं म्हणजे कोणीतरी खरंच बघितलं तेव्हा दिसलं, एवढंच धरायचं. यात काम तिपटीनं वाढलं, पण दुसरा मार्ग नाही. सेटिंग हा माणसाचा इरादा आहे आणि आपल्याला इरादा मोजायचा नाहीये.

१९ जानेवारी

आठही जणांचे स्कोअर आले आणि क्रम बघून शीट तसंच बंद करावंसं वाटलं.

"जास्त जणांनी लपवली म्हणजे जास्त नाजूक" या हिशेबात धर्म आणि राजकीय मत सगळ्यात वर आलं, कारण ते रकाने कोणीच भरलेले नाहीत. आणि जन्मतारीख? ती आठही जणांची कुठून ना कुठून सापडली, म्हणजे कोणाचीच लपलेली नाही असं धरलं गेलं, म्हणून तिचा नाजूकपणा शून्य! शून्याला कशानंही गुणलं तरी शून्य. म्हणजे बँकेपासून हॉस्पिटलपर्यंत फोनवर ओळख पटवायला जी पहिली गोष्ट विचारतात तिला माझं शीट सांगतंय की काही धोका नाही.

हा दोष नमुना लहान असल्यानं वाढला हे खरं, पण मुळात लोक काय लपवतात यावरून त्यांना कशाची लाज किंवा संकोच वाटतो ते कळतं. त्या माहितीनं नुकसान किती होईल ते त्यातून कळत नाही. सगळ्यांनी एकदम उघडी टाकलेली गोष्ट सगळ्यांसाठी एकदम धोक्याची असू शकते.

म्हणून "किती नाजूक" हा रकाना काढून टाकून त्या जागी "हे कळलं तर काय उघडतं" असा रकाना केला. त्यात फोड : खात्याचा ताबा जाणं, पैशाची फसवणूक, आपल्या नावानं दुसऱ्याला गंडवणं, माणूस प्रत्यक्ष घरापर्यंत पोचणं, नोकरीत त्रास, बदनामी. प्रत्येकासमोर ० ते ३.

२४ जानेवारी

नवा रकाना भरायला प्रत्येकाच्या शेजारी बसून त्याच्या त्याच्याच खात्यांवर "पासवर्ड विसरलो" दाबून बघितलं. हे दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर करायचं नाही, खातेदार स्वतः समोर हवा आणि बटण त्यानं स्वतःच दाबायचं.

जुन्या ईमेल खात्यांवर अजून ते प्रश्न आहेत, आईचं माहेरचं आडनाव काय, पहिली शाळा कोणती, पाळलेल्या प्राण्याचं नाव काय. आठपैकी पाच जणांच्या निदान एका खात्याला असा प्रश्न निघाला. आणि त्याचं उत्तर सोशल मीडियावर आहे का ते शोधलं तर पाचही जणांचं आहे. शाळा तर प्रोफाइलवरच लिहिलेली. प्राण्याचा फोटो नावासकट. आईचं माहेरचं आडनाव कोणीच कुठे लिहिलेलं नाही, पण ते शोधायला काहीच वेळ लागत नाही, फोटोखालच्या कमेंट बघायच्या. "थँक्यू मामा" असं उत्तर दिलेलं दिसलं की मामाच्या प्रोफाइलवर आडनाव असतंच. आपल्याकडे नावातच वडिलांचं नाव असतं, त्यात कमेंटमध्ये काका, आत्या, मामा, मावशी सगळं स्पष्ट लिहिलेलं, म्हणजे पूर्ण वंशावळ बाहेरून मांडता येते आणि त्यासाठी त्या माणसानं स्वतः एक अक्षरही टाकावं लागत नाही.

जन्मतारखेचंही तसंच. प-२ नं तारीख लपवलेली होती, तिला वाटत होतं सुटलो. दरवर्षी एकाच दिवशी तिच्या टाइमलाइनवर शुभेच्छांचा ढीग आणि एका वर्षी मैत्रिणीनं टाकलेला केकचा फोटो, त्यावर आकडा. झालं. दिवस, महिना, साल.

या दिवशी तिथल्या तिथेच पाचही जणांनी ते प्रश्न काढून टाकले, जिथे काढता येत नव्हते तिथे मनाचं काहीतरी उत्तर घालून ते पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवून ठेवणाऱ्या ॲपमध्ये) ठेवलं. सगळ्यात कमी वेळात झालेलं सगळ्यात उपयोगी काम हे. हेही लक्षात आलं की धोका कमी करायला दरवेळी पोस्ट काढावीच लागते असं नाही, ती पोस्ट ज्या कुलुपाची किल्ली आहे ते कुलूप बदललं तरी चालतं.

३० जानेवारी

आता बेरीज. ही पद्धत मला पहिल्यापासून खटकत होती, आता का ते कळलं. बेरीज म्हणजे प्रत्येक बाबीचा धोका सुटा आहे असं धरणं. पण राहण्याचा भाग एकटा कळला तर काय फरक पडतो, लाखो लोक तिथे राहतात. लिंग कळलं, काहीच नाही. जन्मतारीख, बरं. तिन्ही एकत्र आले की माणूस उरतो तोच एक.

हे लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं होतं, पाच आकडी झिप कोड (आपल्या पिनकोडसारखा), लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तिथली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात असा त्यांचा अंदाज होता. पुढे २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवर तेच गणित परत केलं तर ६३ टक्के आले. दोन आकड्यांत फरक बराच आहे, पण कमीवाला धरला तरी निम्म्याहून जास्त माणसं! २०१९ मध्ये रोशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा पंधरा बाबी असतील तर ९९.९८ टक्के अमेरिकन कुठल्याही डेटातून बरोबर ओळखता येतील.

स्वतः हिशोब करून बघितला. दहा लाख वस्तीचं शहर धरा. लिंग कळलं, राहिले पाच लाख. जन्माचा दिवस आणि महिना कळला, ३६५ नं भागा, राहिले सुमारे १,३७०. साल कळलं, वयं सत्तर वर्षांत सारखी पसरलीत असं धरलं तर राहिले वीसच्या आसपास. आता यात "शिक्षिका" एवढा एक शब्द घाला. बहुतेक वेळा एकच जण राहील.

म्हणून बिट वापरायचं ठरवलं. एक बिट म्हणजे उरलेले लोक निम्मे होणं. जगात आठ अब्जांवर माणसं आहेत आणि २ चा ३३ वा घात ८.५९ अब्ज होतो, म्हणजे ३३ बिट माहिती असली की जगातला कुठलाही माणूस एकटा वेगळा काढता येतो. दिवस-महिन्याचे साडेआठ बिट, लिंगाचा एक, असं करत प्रत्येक बाबीला बिट दिले आणि बेरीज मारली.

६ फेब्रुवारी

बिटची बेरीजही फसली. प-४ चे ४१ बिट झाले. ४१ बिट म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या २५० पटींहून जास्त माणसांतून एक. असं होऊच शकत नाही, तर नक्कीच तीच माहिती दोनदा मोजली जातेय.

शोधत बसले तेव्हा सापडलं. शाळेच्या नावातच गाव आहे, तरी गावाचे बिट वेगळे धरलेले. दहावीच्या बॅचमध्ये जन्मसाल आहे. आडनावात बऱ्याचदा भाषा आणि प्रदेश आहे. कंपनी आणि राहण्याचा भाग यांचंही नातं आहे. हे सगळं एकमेकांपासून स्वतंत्र असेल तरच बेरीज चालते.

त्याचं नीट गणित करायला खऱ्या लोकसंख्येचा बारीक डेटा लागतो, तो माझ्याकडे नाही. मग उलटं केलं. बाबी एकामागोमाग एक घ्यायच्या आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारायचं की आधीचं सगळं माहीत असताना हिनं आणखी किती लोक गळाले. काहीच गळाले नसतील तर शून्य. बिट हा शब्दही शीटमधून काढला, सहभागींना तो समजत नव्हता आणि समजावण्यात माझा प्रत्येकामागे बराच वेळ जात होता. आता रकान्याचं नाव "किती जण उरले". हजारो, शेकडो, दहा-वीस, एकच, अशा चार पायऱ्या. अचूकपणा गेला, पण हा रकाना बघून प-८, जे निवृत्त आहेत आणि ज्यांना हे सगळं थोतांड वाटत होतं, ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले. "एकच उरतो म्हणजे मीच का?" हो काका, तुम्हीच.

१२ फेब्रुवारी

फोटो. इथे वेळ चुकीच्या ठिकाणी गेला, दुसऱ्या कोणाचा जाऊ नये म्हणून लिहितेय.

फोन फोटोच्या फाइलमध्ये जागा, वेळ आणि फोनचं मॉडेल लिहून ठेवतो हे माहीत होतं, म्हणून सगळ्यांचे फोटो उतरवून घेऊन त्यातली ही लपलेली माहिती तपासत बसले. काही नाही, सगळे कोरे. मोठी सोशल नेटवर्क फोटो इतरांना दाखवताना ही माहिती काढून टाकतात (त्यांच्या स्वतःकडे ती पोचलेली असतेच, ती गोष्ट वेगळी). जागा शाबूत राहते ती मूळ फाइल ईमेलनं पाठवली किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर. ते करून बघितलं, जागा अगदी बिल्डिंगपर्यंत बरोबर आली. पण तो सोशल मीडियाचा भाग नाही, म्हणून शीटमध्ये वेगळी टीप.

खरी माहिती फोटोच्या आत उघड्यावर दिसत होती. गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र. गाडीचा नंबर. मुलाच्या गणवेशावरचं शाळेचं चिन्ह. पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत खोक्यावरचं लेबल, नाव पत्ता फोन सगळं. विमानाचा बोर्डिंग पास, ज्यावरच्या नंबरानं आणि आडनावानं बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडतं. आणि कौतुकानं टाकलेलं मुलीचं निकालपत्रक, त्यावर आईचं नाव आणि जन्मतारीख. आईबाबांचं कौतुक खरंच समजतं मला, ते थांबवा असं म्हणवत नाही, नाव-नंबराच्या ओळी झाकून टाका एवढंच सांगितलं.

आता पद्धत : प्रत्येकाचे शेवटचे पन्नास फोटो, प्रत्येक फोटो मोठा करून आधी कोपरे बघायचे आणि मग माणसं. चेहऱ्याकडे बघायला लागलं की मागची पाटी दिसतच नाही.

२० फेब्रुवारी

जागा आणि वेळ. दे माँजॉय आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास आहे, १५ लाख लोकांचा पंधरा महिन्यांचा मोबाइल डेटा घेतला, आणि जागा-वेळ अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तर त्यातले ९५ टक्के लोक वेगळे ओळखता आले. हे मोबाइल टॉवरच्या नोंदींवर आहे, पोस्टवर नाही, पण चार ही संख्या डोक्यात बसली. चार चेक-इन, म्हणजे "मी इथे आहे" अशा जागेच्या पोस्ट, तर कोणीही एका सुट्टीत टाकतं.

प-१ रोज सकाळी पळायला जातो आणि ॲपमधला नकाशा शेअर करतो. नकाशाची रेघ रोज एकाच ठिकाणी सुरू होते, एकाच ठिकाणी संपते. त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. स्ट्राव्हा या पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपनं २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या पळणाऱ्यांचा एकत्र नकाशा काढला होता, त्यात कोणाचं नाव नव्हतं, आणि तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यातून लष्करी तळ आणि त्यांच्या आतले रस्ते शोधून काढले, कारण ओसाड भागात रोज तिथेच कोण पळणार.

पहिल्यांदा चेक-इन किती, ते मोजत होते. त्यात प-७ सगळ्यात वर येत होती, ती फिरते खूप आणि टाकते खूप. पण वेळा लावून बघितल्या तर ती सगळं घरी परत आल्यावर निवांत टाकते. उलट प-५ महिन्यातून दोनदाच टाकते, पण त्याच क्षणी, तिथूनच. धोका कोणाला जास्त? म्हणून संख्या सोडून दिली आणि "उशीर" मोजायला लागले, घटना आणि पोस्ट यांत किती वेळ गेला ते. तासाच्या आत, त्याच दिवशी, परतल्यावर, अशा तीन पायऱ्या. आणि वेगळी खूण एकाच जागी एकाच वेळी पुन्हा पुन्हा जाण्याची, कारण तिथे उशिरा टाकलं तरी उपयोग नसतो, पुढच्या मंगळवारी माणूस तिथे असणारच.

या प्रकल्पातून एकच मोजमाप कोणी उचलणार असेल तर हे उचला, उशीर. मोजायला सोपं आणि बदलायला सगळ्यात सोपं, कारण फोटो टाकायचा आनंद त्यात जात नाही.

२७ फेब्रुवारी

आवडींचा रकाना सोडून दिला. २०१३ मध्ये कोसिन्स्की, स्टिलवेल आणि ग्रेपेल यांनी ५८ हजारांवर लोकांच्या फेसबुक लाइकवरून वंश, राजकीय पक्ष, लैंगिक कल असं बरंच काही ओळखून दाखवलं होतं. त्यातले ८५ ते ९५ टक्क्यांच्या घरातले आकडे लोक "शंभरात इतके बरोबर" असे वाचतात, ते तसे नाहीत, दोन्ही गटांतला एकेक माणूस समोर ठेवला तर कोण कुठला ते किती वेळा बरोबर सांगता येतं, त्याचे ते आकडे आहेत. हे आठ जणांवर हातानं तपासता येत नाही. शीटमध्ये "अंदाज निघू शकतो" एवढी ओळ ठेवली, आकडा दिला नाही. जे मोजलं नाही त्याला आकडा द्यायचा नाही.

५ मार्च

सगळ्यात मोठी नोंद ही आहे.

शीटमध्ये "कुठून सापडलं" असा रकाना पहिल्या दिवसापासून होता, पण तो वाचून कधी मोजला नव्हता. आज त्याच्या शेजारी "कोणी टाकलं" असा रकाना काढून सगळं परत भरलं. आठ जणांबद्दल सापडलेल्या महत्त्वाच्या बाबींपैकी निम्म्याहून जास्त त्यांनी स्वतः टाकलेल्याच नाहीत. भावानं टाकल्या, मैत्रिणीनं, ऑफिसच्या पेजनं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपनं, सोसायटीच्या ग्रुपनं. प-८ काकांचं तर अकाउंटच नावापुरतं आहे, पाच-सहा पोस्ट असतील, आणि त्यांची जवळजवळ सगळी माहिती सुनेच्या आणि नातवाच्या पोस्टमधून मिळाली.

म्हणजे माणसाच्या प्रोफाइलवर स्कोअर काढणं हेच अपुरं होतं. प्रोफाइल कोरं ठेवणाऱ्याला माझं पहिलं शीट "सुरक्षित" म्हणत होतं!

हे नवीन नाही, मला उशिरा दिसलं एवढंच. २०१९ मध्ये बॅग्रो, लिऊ आणि मिचेल यांनी ट्विटरवर दाखवलं होतं की माणसाच्या स्वतःच्या पोस्ट न बघता त्याच्या आठ-नऊ जवळच्यांच्या पोस्टमधून त्याच्या लिखाणाचा अंदाज जवळजवळ तितकाच बांधता येतो, जास्तीत जास्त शक्य असलेल्या अचूकतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत. आणि केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण, २०१८ मध्ये बाहेर आलं ते, त्यात फेसबुकवरच्या एका ॲपमधली प्रश्नमंजुषा सोडवणारे साधारण २ लाख ७० हजारच होते, आणि माहिती गेली ती फेसबुकच्याच अंदाजानं ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण ॲपला मित्रांचीही माहिती मिळत होती. त्या बाकीच्यांनी काय केलं होतं? मैत्री केली होती, बस.

फोन नंबरचंही असंच. एप्रिल २०२१ मध्ये ५३ कोटींवर फेसबुक खात्यांची माहिती नंबरासकट उघड्यावर आली, ती २०१९ च्या सप्टेंबरपूर्वी कॉन्टॅक्ट जुळवायच्या सोयीतून खरवडून काढलेली होती. नंबर प्रोफाइलवर दिसत नसला तरी नंबरावरून माणूस शोधता येत होता. म्हणून फोनसाठी आता दोन ओळी, "नंबर दिसतो का" आणि "नंबरावरून मी सापडतो का". दुसरी ओळ आठपैकी सहा जणांच्या लक्षातच नव्हती.

१० मार्च

प-५ शी दोन तास बोलणं झालं. तिचा स्कोअर मधल्या फळीतला होता, मी तिला तसं सांगितलं आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, ताई, मला चोराची भीती नाही, मला एका माणसाची भीती आहे, त्याला माझी जन्मतारीख आईचं आडनाव सगळं आधीच माहीत आहे, त्याला फक्त मी आता कुठे राहते ते माहीत नाहीये.

तिच्यासाठी माझे सगळे आकडे बिनकामाचे होते. "किती जण उरले" हे अनोळखी माणसाच्या बाजूनं काढलेलं आहे, ओळखीच्याला ते लागतच नाही. म्हणून आता प्रत्येक स्कोअरच्या आधी "कोणापासून" हे विचारायचं : अनोळखी भामटा, ओळखीचा पण वाईट हेतूचा, नोकरी देणारा, जाहिरातवाला. चौघांसाठी चार वेगळे आकडे, त्यांची बेरीज करायची नाही, सरासरी तर मुळीच नाही. प-५ चा ओळखीच्या माणसासाठीचा आकडा परत काढला, आठही जणांत सगळ्यात वर आला, आणि तो फक्त दोन गोष्टींमुळे, लगेच टाकलेले चेक-इन आणि नव्या ऑफिसच्या पेजवरचे टॅग. दोन्ही त्याच दिवशी बंद केले. ऑफिसला तिनं स्वतः कळवलं.

हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. कोणी करणार असाल तर तुमच्या शीटचा पहिला रकाना हाच ठेवा.

१५ मार्च

साफसफाई सुरू. प्रत्येक उपायासमोर लागलेला वेळ आणि पडलेला फरक लिहितेय.

फेसबुकवर जुन्या सगळ्या पब्लिक पोस्ट एका झटक्यात "मित्र" करायची सोय आहे, एक मिनिटाचं काम, फरक भरपूर. पण दुसऱ्यांनी टॅग केलेल्या पोस्ट तिच्यात येत नाहीत, आणि सध्याचा प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो पब्लिकच राहतात, तेव्हा कव्हरवर घरासमोरचा कुटुंबाचा फोटो असेल तर तो आधी बदला. टॅग तपासून मग घ्यायचं सेटिंग, पाच मिनिटं, पुढच्यासाठी चांगलं, मागच्याला काही नाही. मित्रयादी लपवणं, वाटतं तेवढा उपयोग नाही, कारण मित्रांच्या याद्यांत आपण दिसतोच. जन्मतारीख लपवणं, त्याबरोबर टाइमलाइनवरच्या शुभेच्छा काढल्या नाहीत तर फरक शून्य. पुढच्या वाढदिवसापासून टाइमलाइनवर दुसऱ्यांना लिहिता येणार नाही असं केलं की प्रश्न मिटतो, शुभेच्छा मेसेजमध्ये येतात.

वेळ खाल्ला तो नातेवाइकांनी. इथे तांत्रिक काही नाही, माणसाला दुखवायचं नाही एवढंच आहे, आणि तेच सगळ्यात कठीण गेलं. "ती पोस्ट काढ" असं सांगितलं की समोरच्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं, किंवा हिला आमचा फोटो नको झालाय. प-२ च्या घरात यावरून चार दिवस अबोला होता. मग शब्द बदलले, "आत्या, फोटो राहू दे, किती छान आलाय, फक्त माझं टॅग आणि त्यातली तारीख काढशील का?" यावर जवळजवळ सगळे लगेच हो म्हणाले. धोकाही तेवढ्यानंच बराच उतरतो, कारण टॅग आणि तारीख हीच तर जोडणी असते, नुसता फोटो बाहेरच्याला फारसं काही सांगत नाही.

१२ एप्रिल

परत मोजलं, त्याच चार ठिकाणांवरून, त्याच मित्रांना बसवून. अनोळखी भामट्यासाठी सहा जण एक किंवा दोन पायऱ्या खाली आले. प-७ तिथेच आहे, कारण तिला काही काढायचं नव्हतं, तिनं विचार करून तसं ठरवलं आणि मला ते पूर्ण मान्य आहे, आकडा तिला माहीत आहे एवढंच माझं काम होतं. प-४ चा आकडा वाढला. त्यानं स्वतःचं सगळं नीट केलं, पण मधल्या काळात घरात लग्न झालं आणि फोटोग्राफरनं पूर्ण अल्बम पब्लिक टाकला, सगळ्यांना नावानिशी टॅग करून. फोटोग्राफरला विचारल्यावर त्यानं अल्बम बंद केला, आधी सांगितलं असतं तर टाकलाच नसता म्हणाला. शीटमध्ये म्हणून नवी ओळ, "येत्या सहा महिन्यांत घरात काही कार्य आहे का".

सर्च इंजिनमध्ये प-३ च्या तीन जुन्या गोष्टी अजून दिसतात, मूळ पानं गेलीत तरी. काढायची विनंती केलीय, उत्तर यायचंय.

वेळेचा हिशेब, करणाऱ्यांसाठी : आत्ताच्या शीटनं एका माणसाला पहिल्यांदा मोजायला साधारण चार तास लागतात, त्यातले दोन नुसते फोटोंना. दुसऱ्यांदा तासाभरात होतं. रकाने आता सहाच ठेवलेत : कोणापासून, काय सापडलं, कोणी टाकलं, किती जण उरले, काय उघडतं, उशीर किती.

बाकी काम : प-५ चं मोजमाप दर महिन्याला करायचं ठरलंय, पुढचं १० मे ला. प-८ काकांच्या सुनेला आणि नातवाला स्वतःहून मोजून घ्यायचंय, त्यांचे होकार आलेत, पुढच्या आठवड्यात बसतोय.